सोळाव्या वर्षाच्या प्रेमकथा आणि त्यांतली घरे : प्रौढ वाचकासाठी चार कादंबऱ्यांचे परीक्षण

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्या प्रौढ माणसेही मोठ्या संख्येने वाचतात. ग्रंथव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या बाउकर या संस्थेने २०१२ साली अमेरिकेत केलेल्या पाहणीत असे आढळले, की प्रकाशक ज्या पुस्तकांवर १२ ते १७ वर्षे असा वयोगट छापतात, त्यांच्या ग्राहकांपैकी ५५ टक्के लोक १८ वर्षे किंवा त्याहून मोठे होते आणि त्यांत ३० ते ४४ या वयाचा गट सर्वांत मोठा होता. ही पुस्तके मुलांसाठी घेतली जात असतील असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु आपण घेतलेली बहुतांश पुस्तके स्वतःच्याच वाचनासाठी असल्याचे या प्रौढ ग्राहकांनी सांगितले होते. याचे कारण विचारले की सहसा गतकाळाच्या ओढीकडे बोट दाखवले जाते. माझ्या मते ते कारण अपुरे आहे. स्वतःचे सोळावे वर्ष आठवण्यासाठी कादंबरीची गरज नसते, आणि ज्यांचे ते वर्ष सुखाचे नव्हते असे वाचकही या पुस्तकांकडे तितक्याच ओढीने येतात.

मोठ्या वयात ही पुस्तके वाचताना खरे मोल हाती लागते ते त्यांतल्या घरांत. सोळा वर्षांच्या वाचकाला त्या दोघांच्या पलीकडचे फारसे दिसत नाही, आणि दिसू नये हेच योग्य आहे. प्रौढ वाचकाला मात्र त्या दोघांच्या मागे उभे असलेले आईवडील, भिंतीपलीकडचे भांडण, न भरलेले बिल आणि कोणीच न उच्चारलेले नाव हे सारे दिसत राहते. चांगली लेखिका किंवा लेखक या दोन्ही वाचकांसाठी एकाच वेळी लिहीत असतो. पुढे ज्या चार कादंबऱ्यांविषयी लिहिले आहे त्यांना मी हीच कसोटी लावली आहे : प्रेमाची गोष्ट बाजूला ठेवली तर मागे उरणारे घर खरे वाटते का? या विवेचनात कथानकातले काही महत्त्वाचे टप्पे उघड होतील, हे आधीच सांगून ठेवणे उचित होईल.

पुस्तकांकडे वळण्यापूर्वी या वाङ्मयप्रकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत मॉरीन डेली यांची ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही कादंबरी १९४२ साली आली आणि तिला या प्रकाराच्या आरंभीच्या कृतींमध्ये गणले जाते. एका उन्हाळ्यात सुरू होऊन त्याच उन्हाळ्यात संपणारे पहिले प्रेम हा तिचा विषय होता. ग्रंथालयांच्या परिभाषेत ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षांचा वाचक. प्रौढांच्या प्रेमकादंबरीत शेवट समाधानाचा असावा असा जवळजवळ करारच असतो, तसा करार येथे नाही. येथील प्रेम टिकले नाही तरी कादंबरी फसत नाही, कारण त्या प्रेमातून एक माणूस घडला की नाही हा तिचा खरा प्रश्न असतो. निवेदन बहुधा पात्रांच्या इतके जवळून केलेले असते, की पुढे काय झाले हे ठाऊक असलेल्या मोठ्या माणसाचा सूर त्यात उमटत नाही. पश्चातबुद्धीचा हा अभाव म्हणजे या प्रकाराचे मोठे बळ होय. जे घडते ते पहिल्यांदाच घडते आहे, आणि पुढे काय होईल हे सांगणाऱ्याला माहीत नाही. ते ज्ञान वाचकाकडे असते आणि ते वापरण्याची जबाबदारीही वाचकाचीच असते.

एक सूचना येथेच करतो. ‘न्यू अ‍ॅडल्ट’ हे नाव सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने २००९ साली पुढे आणले आणि त्याखाली येणारी पुस्तके अठरा वर्षांपुढच्या पात्रांची, पुष्कळदा उघड शृंगाराची असतात. आज दोन्ही प्रकारांची मुखपृष्ठे एकाच धाटणीने रंगवली जात असल्यामुळे नुसते चित्र पाहून पुस्तक निवडणे धोक्याचे आहे. मलपृष्ठावरचा वयोगट आणि पात्रांचे वय पाहूनच पुस्तक उचलावे.

रेनबो रॉवेल यांची ‘एलेनॉर अँड पार्क’ ही या चौघींपैकी सर्वांत वेदनादायक आणि माझ्या मते सर्वांत समर्थ कादंबरी. ती २०१२ साली ब्रिटनमध्ये व २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. काळ १९८६, गाव नेब्रास्कातले ओमाहा. लाल केसांची, अंगाने भरलेली, पुरुषी कपडे घालणारी एलेनॉर शाळेच्या बसमध्ये प्रथमच चढते तेव्हा तिला कोणीही जागा देत नाही, आणि पार्क चिडून, शिवी हासडूनच तिला शेजारी बसायला सांगतो. त्यानंतर बरेच दिवस दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. तो कॉमिक्स वाचत असतो, तीही तिरक्या नजरेने वाचते आहे हे त्याच्या ध्यानात येते, आणि तो पान उलटण्यापूर्वी थोडा थांबू लागतो. या थांबण्यात रॉवेल यांनी जे साधले आहे ते कित्येक प्रेमकादंबऱ्यांना पानेच्या पाने संवाद लिहूनही साधत नाही. कोणीतरी आपल्या वाचनाचा वेग ओळखून त्याप्रमाणे आपला वेग बदलला, एवढीच ती घटना आहे, आणि तिथून या प्रेमाला सुरुवात होते.

आता घराकडे पाहू. एलेनॉर चार धाकट्या भावंडांसह एकाच खोलीत झोपते. घरात फोन नाही. न्हाणीघराला दार नाही, म्हणून सावत्र बाप घरी येण्याआधी, शाळेतून आल्या आल्या ती आंघोळ उरकते. याच माणसाने तिला पूर्वी घराबाहेर काढले होते आणि त्यानंतर एक वर्ष ती दुसऱ्यांच्या घरी राहून आली आहे. पार्क तिला गाण्यांच्या कॅसेट देऊ करतो तेव्हा अडचण निघते ती ऐकण्याच्या साधनाची आणि त्यातल्या बॅटरीची. हे तपशील लेखिका कोठेही अधोरेखित करत नाही. किशोरवयीन वाचक ते वाचून एलेनॉरसाठी हळहळेल आणि पुन्हा बसमधल्या प्रसंगाकडे जाईल. प्रौढ वाचक मात्र त्या आईपाशी अडकून पडतो. त्या बाईला सगळे दिसते आहे, ती मुलांवर प्रेम करते, आणि तरीही ती दाराविना न्हाणीघर असलेल्या त्या घरात राहते. तिला दोष द्यावा की तिची भीती समजून घ्यावी, हा प्रश्न कादंबरी सोडवत नाही. पुस्तक मिटल्यावरही तो वाचकापाशीच राहतो.

समोरच्या बाजूला पार्कचे घर आहे. वडील सैन्यात होते, आई कोरियातून त्यांच्याबरोबर आलेली. या आईला सुरुवातीला एलेनॉर मुळीच आवडत नाही, आणि मग तिच्या परिस्थितीची जाणीव झाल्यावर तिची वागणूक बदलते. शेवटाकडे, मध्यरात्री मुलगा त्या मुलीला सुरक्षित ठिकाणी पोहोचवायला निघाला आहे हे कळल्यावर वडील त्याला अडवत नाहीत, उलट आपली गाडी घेऊन जायला सांगतात. आयुष्यभर मुलाच्या हळवेपणाबद्दल नाराज असलेल्या बापाने घेतलेला तो निर्णय एखाद्या पालकाने वाचावा असा आहे.

या कादंबरीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो नोंदवल्याशिवाय तिची शिफारस करणे प्रामाणिक होणार नाही. पार्कच्या आईचे मोडके इंग्रजी, तिचे बाहुलीसारखे वर्णन आणि स्वतःच्या कोरियन रूपाबद्दल पार्कला वाटणारी लाज यांवर अनेक कोरियन-अमेरिकन वाचकांनी टीका केली आहे. पार्क हे मुळात कोरियन आडनाव असताना ते मुलाचे नाव म्हणून दिले, यावरही आक्षेप घेतला गेला. मला ही टीका रास्त वाटते. एलेनॉरच्या घराबाबत लेखिकेने जी सूक्ष्मता दाखवली आहे, ती पार्कच्या आईच्या वाट्याला आलेली नाही, आणि प्रौढ वाचकाला हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही.

निकोला यून यांची ‘द सन इज ऑल्सो अ स्टार’ ही २०१६ सालची कादंबरी न्यूयॉर्कमधल्या एका दिवसात घडते. आठव्या वर्षी जमैकाहून आलेल्या नताशाच्या कुटुंबाला त्याच रात्री देश सोडायचा आहे, कारण मद्यपान करून गाडी चालवताना पकडल्या गेलेल्या वडिलांमुळे त्यांच्याकडे कागदपत्रे नसल्याचे उघड झाले आहे. त्या दिवशी तिला डॅनियल भेटतो. तो कविता करतो, आणि त्याने डॉक्टर व्हावे म्हणून त्याचे कोरियन आईवडील आग्रही आहेत. एका दिवसात प्रेम जुळते यावर प्रौढ वाचकाचा विश्वास बसणे अवघड आहे, आणि नताशालाही ते अवघड जाते, ही लेखिकेची हुशारी. डॅनियल तिला पटवून देण्यासाठी, दोन अनोळखी माणसांत जवळीक निर्माण व्हावी म्हणून एकमेकांना विचारायच्या छत्तीस प्रश्नांच्या प्रयोगाचा आधार घेतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला तो प्रयोग खराच आहे.

प्रेमकथा म्हणून हे पुस्तक मला मध्यम प्रतीचे वाटले. डॅनियलची वाक्ये कधीकधी एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला सुचतील त्याहून फार घोटीव आहेत. मात्र या कादंबरीची रचना तिला वर उचलते. नताशा आणि डॅनियल यांच्या निवेदनांच्या मध्ये छोटी छोटी प्रकरणे येतात आणि ती वाटेत भेटलेल्या इतर माणसांविषयी असतात : सरकारी कार्यालयात सामान तपासणारी एकाकी सुरक्षारक्षक बाई, वकील, दोघांचे वडील. नताशाच्या वडिलांचे प्रकरण त्यांत सर्वांत बोचरे आहे. नट होण्याचे स्वप्न घेऊन आलेला हा माणूस वर्षानुवर्षे अपयश पचवतो आहे, आणि बायकोमुलांमुळे आपले आयुष्य अडले असे त्याला मनातल्या मनात वाटते. मुलीच्या बाजूने पाहिले तर तो निव्वळ स्वार्थी आहे. त्याच्या बाजूने पाहिल्यावर तो निर्दोष ठरत नाही. पण त्याचे दुःख समजते. हे दोन्ही एकाच वेळी धरून ठेवायला वाचकाच्या गाठीला थोडी वर्षे असावी लागतात.

डॅनियलच्या वडिलांचे दुकान कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशप्रसाधनांचे आहे. नताशा तेथे प्रथमच जाते तेव्हा ते तिला केस सरळ करण्याचे औषध देऊ करतात, कारण त्यांच्या दृष्टीने तिचे केस फार मोठे दिसतात. हा प्रसंग घडल्यावर लेखिका कथा थांबवून केसांच्या इतिहासाकडे वळते. अपमान किती जुना आहे हे त्यामुळे कळते, आणि तो करणारा माणूस दुष्ट नाही हेही कळते. या पुस्तकातली सर्वोत्तम पाने मला हीच वाटतात. ही कादंबरी अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराच्या अंतिम यादीत होती आणि २०१७ साली तिला किशोरवयीन वाचकांच्या साहित्यासाठी दिला जाणारा प्रिन्ट्झ सन्मान मिळाला. प्रेमापेक्षा या मधल्या प्रकरणांसाठी तो मिळाला असावा असे मानायला मला आवडेल.

जेनी हान यांच्या २०१४ सालच्या ‘टू ऑल द बॉईज आय हॅव लव्ड बिफोर’विषयी थोडक्यात सांगता येईल, कारण ती हलकी आहे आणि आपला हलकेपणा लपवत नाही. लारा जीन ही सोळा वर्षांची मुलगी ज्या ज्या मुलावर मन जडले त्याला एकेक पत्र लिहिते; ती पत्रे पाठवण्यासाठी नसून त्या भावनेचा निरोप घेण्यासाठी आहेत. आईने दिलेल्या टोपीच्या डब्यात ठेवलेली ही पाच पत्रे एके दिवशी पोस्टात पडतात, आणि त्यातून निभावून नेण्यासाठी ती पीटर नावाच्या मुलाशी खोटे प्रेमप्रकरण जुळवते. खोटे प्रेम खरे होणार हे वाचकाला पहिल्या क्षणापासून माहीत असते. गोष्टीत रंग भरतात त्या तीन बहिणी. आई वारल्यानंतर थोरल्या मार्गोने घर सांभाळले आहे आणि आता ती शिक्षणासाठी स्कॉटलंडला निघून जाते. तिची जागा भरायला निघालेल्या लारा जीनची धांदल, धाकट्या किटीचा हट्ट, आणि मुलींना आईची कोरियन बाजू विसरू द्यायची नाही म्हणून धडपडणारे वडील, हे सगळे फार मायेने लिहिले आहे. पीटर मला पुस्तक संपेपर्यंत विशेष पटला नाही. त्या घराचा निरोप घेणे मात्र जड गेले. २०१५ व २०१७ साली आलेले पुढचे दोन भाग प्रेमाच्या उलाढालीत जास्त रमतात, तेव्हा पहिल्या भागावर थांबले तरी चालेल.

बेंजामिन अलिरे साएन्झ यांची ‘अ‍ॅरिस्टॉटल अँड दान्ते डिस्कव्हर द सीक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स’ ही २०१२ सालची कादंबरी या कसोटीवर सर्वांत पुढे जाते. टेक्ससमधले एल पासो, साल १९८७. पंधरा वर्षांचा आरी पोहण्याच्या तलावावर एकटाच पाण्यात हातपाय मारत असतो, आणि दान्ते नावाचा मुलगा त्याला पोहायला शिकवू का म्हणून विचारतो. दोघांची मैत्री होते. दान्तेला आपले मन लवकर उमगते. आरीला ते पुस्तक संपेपर्यंत उमगत नाही. साएन्झ कवीही आहेत आणि त्यांची वाक्ये लहान, उघडी, जवळजवळ कोरडी आहेत. सुरुवातीला हे संवाद विरळ वाटतात. काही प्रकरणांनंतर लक्षात येते की आरीच्या घरात कोणीच मोकळे बोलत नाही, म्हणून कादंबरीही मोजके बोलते. वडील व्हिएतनामच्या युद्धातून परत आले आहेत आणि त्याविषयी एक अक्षर काढत नाहीत. थोरला भाऊ तुरुंगात आहे. त्याचे छायाचित्रही घरात लावलेले नाही आणि त्याचे नावही कोणी घेत नाही. आरी स्वतःच्या मनापासून दूर का राहतो, याचे उत्तर त्याच्या घरातल्या या मौनात आहे.

या प्रकारातल्या असंख्य कादंबऱ्यांत आईवडील एक तर अडथळा असतात किंवा गैरहजर असतात. येथे शेवटाकडे आईवडील मुलाला समोर बसवतात आणि जे तो स्वतःला सांगू शकला नाही ते त्याला सांगतात : तुझे दान्तेवर प्रेम आहे, आणि त्यापासून पळणे थांबव. पण ते सांगण्याआधी वडिलांना स्वतःचे मौन मोडावे लागते. आपल्या युद्धाविषयी ते प्रथमच मुलाशी बोलतात, आणि त्यानंतरच मुलाला बोलते करण्याचा हक्क त्यांना मिळतो. हा क्रम लेखकाने फार विचारपूर्वक ठेवला आहे. काही वाचकांना हा शेवट कृत्रिम वाटतो, आरीने आपले सत्य आपणच शोधायला हवे होते असे त्यांचे म्हणणे असते. मला तसे वाटत नाही. आपल्या मुलाला आपण ओळखतो आणि जसा आहे तसा तो आपल्याला हवा आहे, हे पालकांनी मोठ्याने म्हणणे किती दुर्मीळ असते हे प्रौढ वाचकाला ठाऊक असते. म्हणून तो प्रसंग पंधरा वर्षांच्या वाचकापेक्षा चाळिशीतल्या वाचकाला अधिक खोल लागेल.

प्रौढ वाचकाने या पात्रांकडे कोणत्या नात्याने पाहावे, हा प्रश्न काही जणांना अडवतो आणि तो योग्यच आहे. पात्रे अल्पवयीन आहेत. वर घेतलेल्या चारही पुस्तकांत लेखकांनी संयम राखला आहे. भर भावनेवर, संकोचावर आणि घरच्या परिणामांवर आहे. रॉवेल यांच्या पुस्तकात तर बसमध्ये दोघांनी हात हातात घेणे हीच मोठी घटना ठरते. वाचताना मी त्यांच्याकडे नकळत थोरल्या भावंडाच्या काळजीने पाहू लागतो, आणि ही पुस्तके त्या काळजीला भरपूर जागा देतात. ज्या पुस्तकात ती जागा मिळत नाही ते मी बाजूला ठेवतो.

या प्रकारात तशी पुस्तकेही पुष्कळ आहेत. आईवडील सोयीने परगावी पाठवलेले असतात, घरात पैशाचा प्रश्न कधीच येत नाही, मुलगा रागीट असला की त्यालाच आकर्षण मानले जाते, आणि दोन मुलांमध्ये अडकलेल्या मुलीचा निर्णय मालिकेचा पुढचा भाग यावा म्हणून लांबवला जातो. पहिल्या पन्नास पानांत घरातला एकही मोठा माणूस माणसासारखा बोलला नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नसतो असे माझे मत झाले आहे.

ज्यांना इंग्रजी कादंबरीची सवय नाही त्यांनाही ही चार पुस्तके जड जाणार नाहीत; प्रकरणे लहान आहेत आणि भाषा रोजच्या बोलण्याची आहे. सुरुवात साएन्झ यांच्यापासून करावी आणि शक्य असेल तर अभिनेते लिन-मॅन्युएल मिरांडा यांच्या आवाजातले त्यांच्या कादंबरीचे ध्वनिपुस्तक ऐकावे, कारण त्या विरळ संवादांतले थांबे कानांना अधिक चांगले कळतात. त्यानंतर यून, मग मन हलके करायला हान. घरातल्या हिंसेचे वर्णन ज्यांना सोसत नाही त्यांनी ‘एलेनॉर अँड पार्क’ वाचूच नये. ज्यांना सोसेल त्यांनी ती सर्वांत शेवटी, सलग वेळ काढून वाचावी, आणि दुसऱ्या वाचनात फक्त एलेनॉरच्या आईच्या ओळींवर लक्ष ठेवावे.